मुंबई–लंडन हवाई प्रवास

मुंबई–लंडन हवाई प्रवास म्हणजे भारतातील मुंबई आणि युनायटेड किंग्डममधील लंडन या दोन शहरांदरम्यान केला जाणारा विमानप्रवास होय. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचे हीथ्रो विमानतळ यांच्यातील पृथ्वीच्या पृष्ठभागावरील सर्वांत कमी अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. विनाथांबा विमानास मुंबईहून लंडनला जाण्यास साधारणतः साडेनऊ ते साडेदहा तास, तर लंडनहून मुंबईस येण्यास साडेआठ ते साडेनऊ तास लागतात. अंतर दोन्ही दिशांना सारखेच असले तरी वेळ सारखा नसतो. एकाच दिशेच्या प्रवासाचा वेळही ऋतूनुसार आणि मार्गावरील देशांच्या राजकीय परिस्थितीनुसार बदलत राहतो. त्यामुळे या दोन शहरांमधील अंतराला एक निश्चित आकडा देता येतो, उड्डाणकालाला मात्र देता येत नाही.

प्रवासाचा एकूण वेळ हा आणखी वेगळा विषय आहे. मुंबई विमानतळाचा वापर करणाऱ्या प्रवाशांत महाराष्ट्राच्या अंतर्भागातून येणाऱ्यांचा मोठा वाटा असतो. त्यांच्या प्रवासाचे उदाहरण म्हणून पुणे जिल्ह्यातील बारामती तालुक्यातील काटेवाडी या गावापासूनच्या प्रवासाचा विचार या लेखाच्या शेवटी केला आहे.

अंतर

दोन शहरांमधील ‘हवाई अंतर’ या शब्दप्रयोगाचा अर्थ पृथ्वीच्या गोलावरील लघुतम अंतर असा घेतला जातो. गोलावरील दोन बिंदू आणि गोलाचा केंद्रबिंदू यांतून जाणारे प्रतल गोलास ज्या वर्तुळात छेदते, त्यास बृहद्‌वृत्त म्हणतात. या वर्तुळाचा त्या दोन बिंदूंमधील लहान कंस हा त्यांच्यामधील सर्वांत जवळचा मार्ग असतो. पृथ्वीच्या गोलावर मुंबई व लंडन येथे टाचण्या टोचून त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरला असता हा मार्ग डोळ्यांनी पाहता येतो.

शाळेतील भिंतीवरच्या नकाशावर हाच मार्ग पट्टीने आखल्यास रेषा अरबस्तान व भूमध्य समुद्राकडे झुकते आणि फसगत होते. प्रत्यक्षात बृहद्‌वृत्त मुंबईहून वायव्येस निघते. सौराष्ट्राजवळून जात सुमारे ९०० किलोमीटरवर ते जवळजवळ कराचीच्या माथ्यावर येते. तेथून बलुचिस्तान ओलांडून ते पूर्व इराणमध्ये शिरते, संपूर्ण इराण तिरपा कापून कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण टोकापाशी पोहोचते आणि पुढे कॉकेशसच्या डोंगराळ प्रदेशात जाते. मार्गाचा मध्यबिंदू आर्मेनिया व जॉर्जिया यांच्या सीमेजवळ, तिबिलिसी शहराच्या काहीसा दक्षिणेस येतो. उत्तरार्धात हा मार्ग काळा समुद्र, क्रिमिया, पश्चिम युक्रेन आणि जर्मनी यांवरून लंडनला पोहोचतो.

या नावांच्या यादीवरून ध्यानात येईल की गणिताने ठरलेल्या या सर्वांत जवळच्या मार्गावर आजच्या जगातील अनेक अशांत प्रदेश एकामागून एक येतात. म्हणूनच कोणतेही विमान हा मार्ग जसाच्या तसा आक्रमत नाही. प्रत्यक्ष उडालेले अंतर नेहमीच लघुतम अंतरापेक्षा जास्त असते आणि ते दर दिवशी थोडेफार बदलते.

हवाई वाहतुकीत अंतर सागरी मैलांत मोजण्याची प्रथा आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, त्या हिशेबाने मुंबई–लंडन अंतर सुमारे ३,८९० सागरी मैल भरते. जुन्या पुस्तकांत व वृत्तपत्रांत आढळणारा सुमारे ५,००० मैल हा आकडा कैरो व जिनिव्हामार्गे जाणाऱ्या मार्गाचा असून तो साध्या मैलांत दिलेला आहे. हे तीनही आकडे एकमेकांशी विसंगत नाहीत, परंतु एकके न पाहता वापरल्यास घोटाळा होतो.

उड्डाणकाल व वारा

विमानाचा वेग हा भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो, जमिनीच्या नव्हे. हवा स्वतःच वाहत असल्यास जमिनीवरील वेगात तिचा वेग मिळवावा किंवा वजा करावा लागतो. नदीच्या प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या होडीचे शालेय उदाहरण येथे तंतोतंत लागू पडते.

प्रवासी जेट विमाने साधारणतः १० ते १२ किलोमीटर उंचीवरून उडतात. मध्य अक्षांशांत या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारे अरुंद वायुप्रवाह आढळतात, त्यांना झोतवारे किंवा जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात उपोष्ण कटिबंधीय झोतवारा इराण, अफगाणिस्तान व उत्तर भारत या पट्ट्यावर असतो आणि त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढेही जातो. उन्हाळ्यात हा प्रवाह उत्तरेकडे सरकतो व क्षीण होतो. मुंबई–लंडन मार्ग या पट्ट्यातून तिरपा जात असल्याने वाऱ्याचा संपूर्ण वेग विमानाच्या वाट्याला येत नाही. तरीही लंडनकडे जाताना वारा बहुधा प्रतिकूल आणि मुंबईकडे येताना अनुकूल असतो.

ढोबळ हिशेबासाठी प्रत्यक्ष मार्ग ७,५०० किलोमीटर व विमानाचा हवेतील वेग ताशी ८८० किलोमीटर धरू. वारा नसल्यास दोन्ही दिशांना सुमारे साडेआठ तास लागतील. सरासरी ५० किलोमीटरचा वारा समोरून आल्यास जमिनीवरील वेग ८३० होऊन वेळ ९ तासांवर जातो. तोच वारा पाठीमागून आल्यास वेग ९३० होऊन वेळ ८ तासांच्या आसपास येतो. म्हणजे एवढ्याशा वाऱ्यानेही जाण्या-येण्यात सुमारे एका तासाचा फरक पडतो. वारा १०० किलोमीटरचा असल्यास हा फरक जवळजवळ दोन तासांचा होतो.

जाताना वाऱ्यामुळे गेलेला वेळ येताना भरून निघतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. वरील उदाहरणात १०० किलोमीटरच्या वाऱ्यात जाण्यास सुमारे ९ तास ३७ मिनिटे व येण्यास ७ तास ३९ मिनिटे लागतात. दोन्हींची बेरीज वारा नसतानाच्या बेरजेपेक्षा सुमारे १३ मिनिटांनी जास्त भरते. विमान प्रतिकूल वाऱ्यात अधिक काळ आणि अनुकूल वाऱ्यात कमी काळ राहते, हे त्याचे कारण होय. मार्ग आखणारे तज्ज्ञ म्हणूनच लघुतम मार्गाऐवजी लघुतम वेळेचा मार्ग शोधतात. थोडा वळसा घेऊन समोरचा वारा टाळता येत असेल, तर लांबचा मार्गच लवकर पोहोचवतो.

वेळापत्रकात छापलेला कालावधी हा केवळ हवेतील वेळ नसतो. विमान फलाटावरून हलते त्या क्षणापासून गंतव्य विमानतळावरील फलाटावर थांबेपर्यंतचा सर्व काळ त्यात धरलेला असतो. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे त्यांचा एकाच वेळी स्वतंत्रपणे वापर करता येत नाही. हीथ्रोही जगातील अत्यंत गर्दीच्या विमानतळांपैकी एक आहे. दोन्हीकडे जमिनीवर रांगेत किंवा आकाशात घिरट्या घालत जाणारा वेळ गृहीत धरून कंपन्या वेळापत्रक बेतानेच आखतात. त्यामुळे विमान कधीकधी ‘वेळेच्या आधी’ पोहोचल्याची घोषणा होते. त्यात वाऱ्याइतकाच या राखीव वेळेचाही वाटा असतो.

प्रमाणवेळेतील फरक

भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे ठेवली जातात. त्या काळात फरक साडेचार तासांचा राहतो. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी १ वाजता निघालेले विमान दहा तासांनी लंडनला पोहोचते, तेव्हा तेथील घड्याळात सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात. लंडनहून रात्री साडेनऊला निघालेले विमान नऊ तासांनी मुंबईत उतरते, तेव्हा येथे दुसऱ्या दिवसाचे दुपारचे १२ वाजतात. तिकिटावरील केवळ स्थानिक वेळा पाहणाऱ्यास जाण्यास साडेचार तास व येण्यास साडेचौदा तास लागतात, असे वाटण्याचा संभव असतो.

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली असली, तरी मुंबई शहराने आपली स्वतंत्र ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत टिकवून ठेवली होती. ती ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. १९४८ मध्ये लंडनची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबईतील प्रवाशास या दोन वेळांचा मेळ घालून मगच तिसरी वेळ ध्यानात घ्यावी लागत असे.

इतिहास

जहाजांचा काळ

विमानांपूर्वी मुंबई व लंडन यांमधील अंतर समुद्रमार्गाने मोजले जात असे. आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणारा मार्ग सुमारे १९,८०० किलोमीटरचा होता आणि शिडाच्या जहाजांना त्यासाठी अनेक महिने लागत. मुंबईच्या गोदीत बांधलेली ह्यू लिंडसे ही वाफेवर चालणारी बोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघून सुमारे एका महिन्याने सुएझला पोहोचली. त्यानंतर सुएझपर्यंत बोटीने, इजिप्त जमिनीवरून ओलांडून व भूमध्य समुद्रातून पुन्हा बोटीने, असा टप्प्याटप्प्याचा प्रवास रूढ झाला. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि संपूर्ण सागरी मार्गाची लांबी सुमारे ११,६०० किलोमीटरवर आली. पुढच्याच वर्षी, १८७० मध्ये, मुंबई समुद्राखालील तारेने लंडनशी जोडली गेली. निरोप मिनिटा-तासांत आणि माणूस आठवड्यांत पोहोचण्याची स्थिती त्यानंतर अनेक दशके टिकली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील प्रवासकालाची कल्पना काही ज्ञात प्रवासांवरून येते. विनायक दामोदर सावरकर यांना कैदी म्हणून घेऊन निघालेली मोरिया ही बोट १ जुलै १९१० रोजी इंग्लंडहून सुटली आणि सावरकर २२ जुलै रोजी मुंबईस पोहोचले. मार्सेलच्या बंदरातील त्यांची प्रसिद्ध उडी याच प्रवासातील होय. संपूर्ण जलमार्गाने लागणारा वेळ अशा प्रकारे तीन आठवड्यांचा होता. मार्सेल येथे उतरून फ्रान्स आगगाडीने ओलांडल्यास एक आठवडा वाचत असे. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ४ ऑक्टोबर १९३० रोजी व्हाइसरॉय ऑफ इंडिया या बोटीने मुंबईहून निघाले आणि १८ ऑक्टोबर रोजी लंडनला पोहोचले. दुसऱ्या परिषदेसाठी महात्मा गांधी २९ ऑगस्ट १९३१ रोजी राजपुताना या बोटीने निघाले, ११ सप्टेंबरला मार्सेलला उतरले आणि १२ सप्टेंबरला लंडनमध्ये दाखल झाले. दोन्ही प्रवासांना चौदा दिवस लागले.

कराचीमार्गे हवाई टपाल

लंडन व भारतीय उपखंड यांमधील पहिली नियमित विमानसेवा इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी सुरू केली. ती लंडनच्या क्रॉयडन विमानतळापासून कराचीपर्यंत होती आणि तिला सात दिवस लागत. या ‘हवाई’ प्रवासात बाझेल ते जिनोआ हा टप्पा आगगाडीने, तर भूमध्य समुद्र उडत्या बोटीने ओलांडावा लागे. पुढे गाझा, बगदाद, बसरा, बुशहर, जास्क व ग्वादर असे थांबे घेत विमान कराचीस येई.

मुंबई या मार्गाच्या बाहेर राहिली होती. ही त्रुटी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी दूर झाली. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी एक इंजिनाच्या पस मॉथ विमानातून कराचीचे टपाल अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर आणले. भारतीय नागरी विमान वाहतुकीचा आरंभ म्हणून या उड्डाणाचा उल्लेख नेहमी केला जातो. ते लंडनहून आलेल्या टपालाचा शेवटचा टप्पा पुरे करणारे उड्डाण होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. मुंबई–लंडन बृहद्‌वृत्त कराचीवरून जाते, हे वर आलेच आहे. म्हणजे टाटांनी जोडलेला हा टप्पा, अहमदाबादचा लहानसा वळसा सोडल्यास, थेट मार्गाचाच पहिला अष्टमांश होता.

एअर इंडिया इंटरनॅशनल

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे मलबार प्रिन्सेस हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ३५ प्रवाशांसह मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबून १० जून रोजी लंडनला उतरले. भारतीय कंपनीची ही पहिली आंतरखंडीय नियमित सेवा होय. बोटीचे दोन-तीन आठवडे आता दोन दिवसांच्या आत आले. फेब्रुवारी १९६० मध्ये कंपनीकडे बोइंग ७०७ हे पहिले जेट विमान आले. १४ मे १९६० पासून मुंबईहून लंडनमार्गे न्यू यॉर्कला सेवा सुरू झाली आणि तेव्हापासून लंडन हे अनेक भारतीय प्रवाशांसाठी अमेरिकेच्या वाटेवरील थांबा बनले. १९७१ मध्ये बोइंग ७४७ आल्यावर एका फेरीत नेता येणाऱ्या प्रवाशांची संख्या एकदम वाढली. विमानांचा पल्ला वाढत गेला तसे वाटेतील थांबे गळाले. आज एअर इंडियाखेरीज ब्रिटिश एअरवेज व व्हर्जिन अटलांटिक या कंपन्यांची विनाथांबा विमाने या मार्गावर आहेत.

अपघात

जिनिव्हामार्गे जाणाऱ्या या जुन्या मार्गावर एअर इंडियाची दोन विमाने आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ या एकाच शिखरावर आदळली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी मलबार प्रिन्सेस वादळी हवामानात जिनिव्हाकडे उतरत असताना कोसळले व त्यातील सर्व ४८ जण मृत्यू पावले. २४ जानेवारी १९६६ रोजी कांचनजंगा हे बोइंग ७०७ विमान दिल्ली व बैरुतमार्गे जिनिव्हाकडे येत होते. विमानातील दिशादर्शक यंत्रणेपैकी एक ग्राहक नादुरुस्त होता. आपण शिखर ओलांडले आहे, असा वैमानिकाचा समज झाला. नियंत्रकाने शिखर अजून पाच मैल पुढे असल्याचे कळवले, परंतु त्या संदेशाचा अर्थ वैमानिकाने वेगळा घेतला आणि विमान खाली उतरवणे चालू ठेवले, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. या अपघातात ११७ जणांचा मृत्यू झाला. भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रणेते डॉ. होमी भाभा त्यांत होते. हजारो किलोमीटरच्या प्रवासात पाच मैलांचा गैरसमज केवढा ठरू शकतो, याचे याहून विदारक उदाहरण सापडणे कठीण आहे. या विमानाचे अवशेष हिमनदीतून अद्याप बाहेर येत असतात. २०१२ मध्ये राजनैतिक टपालाची एक थैली, तर २०२० मध्ये इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी असलेली १९६६ ची भारतीय वृत्तपत्रे तेथे सापडली.

हवाई क्षेत्रावरील निर्बंध

प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरील आकाशावर सार्वभौम अधिकार असतो. तो देश कोणत्याही परकीय विमानास प्रवेश नाकारू शकतो, आणि युद्धकाळात सुरक्षिततेसाठी आपले आकाश सर्वांनाच बंद करू शकतो. मुंबई–लंडन मार्गावर गेल्या काही वर्षांत या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत.

बालाकोट हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र बंद केले. ते १६ जुलै २०१९ रोजी पूर्णपणे खुले झाले. पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांवर पुन्हा बंदी घातली आणि नंतर तिची मुदत वेळोवेळी वाढवली. भारतानेही पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. २४ फेब्रुवारी २०२२ पासून रशियाच्या आक्रमणामुळे युक्रेनचे आकाश सर्व नागरी विमानांसाठी बंद झाले. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ला केल्यावर इराणचे आकाश अचानक बंद झाले आणि मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान अर्ध्या वाटेतून मुंबईस परतले.

या तीन देशांची आकाशे वगळल्यास बृहद्‌वृत्ताचा बराचसा भाग नाहीसा होतो. मग विमाने मुंबईहून अरबी समुद्रावरून ओमानकडे, तेथून आखाती प्रदेश, इराक व तुर्कस्तान यांवरून युरोपात जातात. मस्कत, बगदाद व इस्तंबूल हे बिंदू जोडून मोजल्यास हा मार्ग सुमारे ७,४५० किलोमीटर भरतो. म्हणजे वाढ अवघी २५० किलोमीटरच्या आसपास, वीस मिनिटांची. योगायोगाने बगदादचा हा मार्ग १९२९ च्या इम्पीरियल एअरवेजच्या मार्गाची आठवण करून देणारा आहे.

दिल्लीची स्थिती याच्या उलट आहे. दिल्ली–लंडन अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर, अर्थात मुंबईपेक्षा सुमारे ५०० किलोमीटरने कमी आहे. परंतु दिल्लीहून पश्चिमेस निघताच पाकिस्तान लागतो. ते आकाश बंद असताना भारतीय विमानास आधी नैर्ऋत्येस गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत यावे लागते आणि मगच पश्चिमेकडे वळता येते. हा मार्ग ८,००० किलोमीटरच्या आसपास जातो. नकाशावर लंडनला जवळ असलेली दिल्ली अशा वेळी मुंबईहून दूर पडते. किनाऱ्यावरील शहरास लाभलेला मोकळा समुद्र हा या मार्गावरचा मुंबईचा मोठा फायदा होय. मात्र इराणपाठोपाठ इराक व आखाती देशांची आकाशेही बंद झाली, तर हा फायदा उरत नाही. मग सौदी अरेबिया व इजिप्तवरून आणखी मोठा वळसा पडतो, किंवा उड्डाणे रद्द होतात.

वळशाचा खर्च केवळ वेळेत मोजता येत नाही. जादा अंतरासाठी जादा इंधन घ्यावे लागते, त्या इंधनाचे वजन वाहण्यासाठी आणखी इंधन जळते आणि तेवढ्या वजनाचा माल किंवा प्रवासी कमी घ्यावे लागतात. वैमानिकांच्या कामाच्या तासांवर कायद्याने मर्यादा असल्याने लांबलेल्या उड्डाणासाठी अधिक कर्मचारी लागतात.

बारामती–इंदापूर परिसरातून

काटेवाडी हे गाव बारामती–इंदापूर रस्त्यावर, बारामतीपासून सुमारे १० किलोमीटरवर आहे. बारामतीस विमानतळ असून तेथे वैमानिक प्रशिक्षण दिले जाते. नियमित प्रवासी सेवा तेथून नाही. पुण्याचे विमानतळ हवाई दलाच्या लोहगाव तळावर असून तेथून लंडनला थेट विमान नाही. त्यामुळे या परिसरातील प्रवाशास मुंबई गाठावी लागते. बारामतीहून मोरगाव, सासवड व दिवे घाटातून अथवा पाटस येथे पुणे–सोलापूर महामार्गास लागून पुणे, आणि पुढे द्रुतगती मार्गाने मुंबई, असे हे अंतर एकूण सुमारे २६० किलोमीटर आहे. वाटेतील थांबे व पुण्या-मुंबईतील गर्दी धरून त्यास सहा तास लागतात. विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे, दहा तासांचा प्रवास, हीथ्रोवरील तपासणी व शहरात जाण्यासाठी दोन तास, अशी बेरीज केल्यास गावातून निघून लंडनमधील घरी पोहोचेपर्यंत सुमारे २१ तास जातात. एकूण अंतराच्या साडेतीन टक्के असलेला रस्ता एकूण वेळाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक वेळ घेतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झालेले नवी मुंबई विमानतळ या प्रवाशांना अधिक जवळचे आहे. तेथून लंडनचे विमान मिळाल्यास या रस्त्यातील निदान मुंबई शहर ओलांडण्याचा वेळ वाचेल.

काटेवाडीवरून दरवर्षी संत तुकाराम महाराजांची पालखी जाते आणि येथे पालखीभोवती होणारे मेंढ्यांचे रिंगण प्रसिद्ध आहे. देहू ते पंढरपूर हे अंतर पायी चालण्यास पालखीस अडीच-तीन आठवडे लागतात. मुंबईहून बोटीने लंडनला जाण्यासही शंभर वर्षांपूर्वी जवळजवळ तेवढेच दिवस लागत.

या परिसराचा लंडनशी व युरोपशी असलेला दुसरा संबंध शेतमालाचा आहे. बारामती व इंदापूर तालुक्यांतील द्राक्षबागांचा निर्यातक्षम माल जानेवारी ते एप्रिल या हंगामात युरोपकडे जातो. विमानाने द्राक्षे पाठवणे परवडत नसल्याने ती पूर्वशीतकरण करून शून्य अंशाच्या आसपास तापमान राखणाऱ्या कंटेनरमधून न्हावा शेवा बंदरातून बोटीने जातात. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर अनेक जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा पत्करला. द्राक्षांच्या कंटेनरपुढे १८६९ पूर्वीचे अंतर पुन्हा उभे राहिले. ८,००० किलोमीटरची ही वाढ ताशी १६ सागरी मैल वेगाने जाणाऱ्या जहाजास अकरा-बारा दिवसांची पडते. विमानातील प्रवाशास आकाशबंदीचे वीस मिनिटे जाणवतही नाहीत. घडाचा देठ हिरवा असेपर्यंतच ज्या मालाला भाव मिळतो, त्याच्या बाबतीत मात्र वाढलेला प्रत्येक दिवस भावातून वजा होतो, आणि बागायतदार पुढच्या वर्षीची छाटणी कोणत्या तारखेस धरावी याचा विचार आता बोटीच्या मार्गाकडे पाहूनही करू लागला आहे.